पार्टिकलनंतर येणारा 'टू': इंग्रजीतले लहान शब्द कसे जोडावेत

'शी वेंट बॅक अप टू हर रूम टू फेच द बुक.' ती पुस्तक आणायला परत वर आपल्या खोलीत गेली, एवढाच या वाक्याचा अर्थ आहे आणि तो समजायला कोणालाही अडचण येत नाही. अडचण येते ती असे वाक्य स्वतः रचताना. 'वेंट'नंतर 'बॅक' आधी की 'अप' आधी, 'टू' दोनदा का आला, दुसऱ्या 'टू'नंतर 'फेच' आहे तर 'आय लुक फॉरवर्ड टू'नंतर मात्र 'मीटिंग' का म्हणायचे, 'इन' आणि 'टू' कधी जोडून लिहायचे आणि कधी तोडून, हे प्रश्न अनेक वर्षे इंग्रजी वापरणाऱ्यांनाही पडतात आणि बहुतेक जण ते कानाच्या भरवशावर सोडवतात. कान तयार असेल तर हे जमतेही. परंतु या शब्दांच्या जोडणीमागे एक व्यवस्था आहे आणि ती समजली की अंदाजावर विसंबावे लागत नाही. ती व्यवस्था अशी, की पार्टिकल, म्हणजे क्रियापदाला जोडून येणारा 'बॅक' किंवा 'अप'सारखा लहान शब्द, हे मागच्या क्रियापदाचे असते आणि त्यानंतर येणारा 'टू', 'विथ', 'फॉर' किंवा 'ऑव्ह' हा पुढच्या शब्दाची वाट पाहत असतो. वाक्य रचताना प्रत्येक लहान शब्दापाशी थांबून तो मागचा आहे की पुढचा, एवढे ठरवायचे. 'पासून' वेगळे होण्याच्या अर्थाचा 'ऑफ' आणि 'चा, ची, चे' या अर्थाचा 'ऑव्ह' हे दोन वेगळे शब्द आहेत, म्हणून येथे ते वेगळे लिहिले आहेत.

पार्टिकल म्हणजे काय, हे मराठीच्या आधाराने पटकन स्पष्ट होते. 'मांजर वर चढले' आणि 'मांजर झाडावर चढले' या दोन वाक्यांत 'वर' आहे, पण पहिल्यात ते क्रियाविशेषण आहे आणि दुसऱ्यात शब्दयोगी अव्यय. दुसऱ्या वाक्यात 'झाड'चे सामान्यरूप 'झाडा' होते आणि 'वर' त्याला चिकटते, त्यामुळे फरक डोळ्यांना दिसतो. इंग्रजीत 'द कॅट रॅन अप' आणि 'द कॅट रॅन अप द ट्री' या वाक्यांत नेमका हाच फरक आहे, मात्र तेथे नामाचे रूप बदलत नाही आणि काही चिकटतही नाही, म्हणून तो पुढे नाम आहे की नाही यावरून ओळखावा लागतो. पुढे नाम घेतले तर 'अप' प्रेपोझिशन, म्हणजे मराठीतल्या शब्दयोगी अव्ययासारखा. न घेतले तर पार्टिकल.

सगळे शब्द मात्र असे दुहेरी नसतात. 'बॅक', 'अवे' आणि 'फॉरवर्ड' हे केवळ पार्टिकल म्हणून येतात. ठिकाण सांगणारे नाम त्यांच्यापुढे थेट ठेवता येत नाही, मध्ये प्रेपोझिशन आणावेच लागते. 'बॅक द हाउस' असे म्हणता येत नाही, 'बॅक टू द हाउस' म्हणावे लागते. 'अवे द फायर' नव्हे, 'अवे फ्रॉम द फायर'. दुसऱ्या टोकाला 'ॲट', 'फ्रॉम', 'विथ', 'ऑव्ह' हे केवळ प्रेपोझिशन आहेत. 'टू'ही जवळजवळ त्यांच्यातलाच, कारण शुद्धीवर येणे या अर्थाच्या 'कम टू'सारखे मोजके प्रयोग सोडले तर तो पार्टिकल म्हणून येत नाही. या दोन टोकांच्या मधला 'अप', 'डाउन', 'इन', 'ऑन', 'ऑफ', 'ओव्हर', 'थ्रू', 'राउंड', 'अबाउट', 'अलाँग' हा गट दोन्ही कामे करतो आणि सगळा गोंधळ याच गटात होतो. 'आउट' बहुतांशी पार्टिकल आहे आणि पुढे नाम हवे असेल तर तो 'ऑव्ह'ची मदत घेतो. अमेरिकी इंग्रजीत 'लुक आउट द विंडो' सहज चालते, ब्रिटिश लेखनात तेथे 'आउट ऑव्ह द विंडो' अपेक्षित असते. याउलट 'ऑफ ऑव्ह द टेबल' हा बोलण्यातला प्रयोग औपचारिक लेखनात टाळावा. 'ऑफ द टेबल' पुरेसे आहे.

पुढे नाम दिसले तरी ते क्रियापदाचे कर्म असू शकते, म्हणून दुहेरी शब्द कुठल्या वाक्यात कुठले काम करतो आहे हे तपासण्याचा सर्वांत खात्रीचा मार्ग म्हणजे नामाच्या जागी 'इट' घालून पाहणे. दिवा बंद करण्याबद्दल 'टर्न ऑफ द लाइट' आणि 'टर्न द लाइट ऑफ' हे दोन्ही बरोबर आहेत, परंतु 'इट' आले की ते पार्टिकलच्या आधीच यायला हवे: 'टर्न इट ऑफ'. 'टर्न ऑफ इट' चुकीचे. प्रेपोझिशन असेल तर उलट घडते. 'लुक ॲट इट' बरोबर आणि 'लुक इट ॲट' अशक्य. दुसरी खूण आघाताची आहे. पार्टिकलवर उच्चारात वजन पडते, प्रेपोझिशन सहसा हलके आणि घाईने उच्चारले जाते. 'शी लुक्ड अप टू हिम' म्हणताना 'अप' ठळक ऐकू येतो आणि 'टू' जवळजवळ 'ट' होऊन निसटतो. मोठ्याने वाचून पाहण्याची सवय ज्यांना आहे त्यांना या एका खुणेवर बरेच अंतर कापता येते.

दोन 'टू' वेगळे करणे

आता मुख्य गाठीकडे येऊ. पार्टिकलनंतर आलेला 'टू' दोन प्रकारचा असू शकतो: पुढच्या नामाला जोडणारे प्रेपोझिशन, किंवा पुढच्या क्रियापदाचे इन्फिनिटिव्ह, म्हणजे 'टू फेच'सारखे 'टू' लागलेले मूळ रूप, बनवणारी खूण. हे दोन्ही मुळात एकच आहेत. जुन्या इंग्रजीत इन्फिनिटिव्हच्या एका विभक्तियुक्त रूपाआधी 'टू' हे प्रेपोझिशन म्हणूनच येत असे. पुढे ती विभक्ती झिजून गेली आणि 'टू' केवळ खूण म्हणून उरला. मराठीत 'गावाला गेला' आणि 'आणायला गेला' या दोन्हींत 'ला' ऐकू येतो, त्यामुळे आपल्याला हे दोन 'टू' एकच वाटणे स्वाभाविक आहे. पण आजच्या इंग्रजीत त्यांचे मार्ग पूर्ण वेगळे झाले आहेत: पहिल्यापुढे नाम, सर्वनाम किंवा क्रियापदाचे 'इंग' लागलेले रूप येते, दुसऱ्यापुढे क्रियापदाचे मूळ रूप येते.

कुठला 'टू' आहे हे ठरवण्यासाठी त्याच्यापुढे 'इट' किंवा 'दॅट' ठेवून वाक्य तगते का ते पाहावे. 'आय लुक फॉरवर्ड टू इट' तगते, म्हणून तो प्रेपोझिशन आहे आणि क्रिया सांगायची झाली तर 'आय लुक फॉरवर्ड टू मीटिंग यू' असेच म्हणावे लागेल. 'शी सेट आउट टू इट' तगत नाही, म्हणून तेथे इन्फिनिटिव्ह आहे आणि 'शी सेट आउट टू प्रूव्ह हिम राँग' बरोबर ठरते. पत्रांच्या शेवटी 'लुक फॉरवर्ड टू मीट यू' असे लिहिलेले वरचेवर आढळते. ही एक चूक सुधारली तरी लेखनाचा दर्जा एका पायरीने वाढतो असे माझे ठाम मत आहे, कारण ती वाचणाऱ्याला लगेच खटकते. 'गेट डाउन टू वर्किंग', 'गेट राउंड टू ॲन्सरिंग', 'ओन अप टू ब्रेकिंग इट', 'फेस अप टू लूझिंग', 'गो बॅक टू टीचिंग' हे सगळे याच घरचे. या प्रत्येकात पार्टिकलने क्रियापदाचा अर्थ घडवलेला आहे, आणि 'टू' त्या अर्थाला पुढच्या गोष्टीशी जोडतो.

दुसरी एक कसोटी नेहमी सांगितली जाते, ती म्हणजे 'टू'च्या जागी 'इन ऑर्डर टू' घालून पाहणे. 'शी वेंट बॅक इन ऑर्डर टू फेच द बुक' हे जड असले तरी अर्थपूर्ण आहे, म्हणून तो इन्फिनिटिव्ह हेतू सांगतो. ही कसोटी उपयोगी आहे, पण तिच्या मर्यादा ठाऊक असायला हव्यात. 'ही वोक अप टू फाइंड द हाउस एम्प्टी' या वाक्यात माणूस घर रिकामे पाहण्याच्या हेतूने उठलेला नाही; तो उठला आणि घर रिकामे आहे असे त्याला आढळले. येथे इन्फिनिटिव्ह हेतूचा नसून परिणामाचा आहे. 'शी वेंट ऑन टू बिकम अ जज' हेही तसेच, आणि 'द रूमर टर्न्ड आउट टू बी ट्रू' मध्ये तर हेतूचा प्रश्नच येत नाही, कारण अफवेला हेतू नसतो. म्हणून 'इन ऑर्डर टू' बसले तर इन्फिनिटिव्ह नक्की आहे, पण बसले नाही म्हणून तो नाही असे समजू नये. त्याच 'वोक अप'पुढे 'टू द डेंजर' आले, तर मात्र अर्थ 'धोक्याची जाणीव झाली' असा होतो आणि 'टू' पुन्हा प्रेपोझिशन बनतो.

एकच जोडी जवळून पाहिली की ही व्यवस्था किती काटेकोर आहे ते कळते. 'गो ऑन' घ्या. वक्ता काही समजावून सांगत होता आणि तेच सांगत राहिला, तर 'ही वेंट ऑन एक्सप्लेनिंग'. दुसरे काही सांगून झाल्यावर तो समजावण्याकडे वळला, तर 'ही वेंट ऑन टू एक्सप्लेन'. मध्येच थांबून पुन्हा तेच विवेचन पुढे नेले, तर 'ही वेंट ऑन विथ द एक्स्प्लनेशन'. एक मुद्दा संपवून पुढचा हाती घेतला, तर 'ही वेंट ऑन टू द नेक्स्ट पॉइंट'. आणि ऐकणाऱ्यांना कंटाळा येईपर्यंत एकाच विषयाबद्दल बोलत राहिला, तर 'ही वेंट ऑन अबाउट इट'. पार्टिकल पाचही वाक्यांत तोच, 'पुढे चालू' हा त्याचा गाभाही तोच. त्याच्यापुढे काय जोडले आहे यावर सारा अर्थ फिरतो. पहिल्या दोन वाक्यांतला फरक इतका स्पष्ट आहे की एकाच्या जागी दुसरे वापरले तर वाचणारा घटनाक्रमच चुकीचा समजतो.

या उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते: पार्टिकलनंतर 'टू' न येता थेट 'इंग' रूपही येऊ शकते. 'गिव्ह अप', 'पुट ऑफ', 'कॅरी ऑन', 'कीप ऑन', 'एंड अप' यांच्यानंतर तेच येते. 'गिव्ह अप' आणि 'पुट ऑफ' यांच्या बाबतीत कारण सोपे आहे. ही जोडी मिळून एक सकर्मक क्रियापद झालेली असते, तिला कर्म हवे असते, आणि क्रियेला कर्म व्हायचे असेल तर ती 'इंग' लावून येते. 'शी गेव्ह अप सिंगिंग' म्हणजे तिने गाणे सोडले. मराठीच्या ओढीने येथे 'गेव्ह अप टू सिंग' लिहिले जाते, त्याचा अर्थ मात्र गाण्यासाठी तिने दुसरे काहीतरी सोडून दिले असा लागू शकतो. 'सेट' या क्रियापदाची दोन रूपे या बाबतीत सावधपणे लक्षात ठेवावीत: 'सेट आउट'नंतर इन्फिनिटिव्ह, 'सेट अबाउट'नंतर 'इंग'. 'सेट अबाउट' मधला 'अबाउट' प्रेपोझिशनचे काम करतो, म्हणून त्याच्यापुढे मूळ रूप चालत नाही.

'बी', पार्टिकल आणि पुढचे

'बी' या क्रियापदाबरोबर पार्टिकल आले की ते स्थिती सांगते: 'द लाइट्स आर ऑन', 'शी इज आउट', 'द मीटिंग इज ओव्हर'. त्यापुढे इन्फिनिटिव्ह जोडला की काही ठिकाणी पूर्णपणे नवा अर्थ तयार होतो, आणि तो शब्दांची बेरीज करून मिळत नाही. 'शी इज आउट टू विन' म्हणजे ती जिंकायच्या जिद्दीने उतरली आहे. 'दे आर आउट टू गेट हिम' म्हणजे ते त्याच्या मागे हात धुऊन लागले आहेत. 'यू आर डाउन टू स्पीक ॲट टेन' म्हणजे दहा वाजता बोलणाऱ्यांत तुमचे नाव नोंदलेले आहे. 'आय ॲम ऑफ टू सी माय सिस्टर' म्हणजे मी बहिणीला भेटायला निघालो. 'शी इज आउट टू लंच' या वाक्यात 'लंच' नाम आहे, त्यामुळे 'टू' प्रेपोझिशन ठरतो आणि जिद्दीचा अर्थ उरत नाही. ती जेवायला बाहेर गेली आहे, इतकेच. 'ऑफ टू वर्क' आणि 'ऑफ टू स्लीप' यांत 'वर्क' आणि 'स्लीप' हे नामही आहेत आणि क्रियापदही, त्यामुळे त्या 'टू'चा निर्णय केवळ रूपावरून देता येत नाही. 'ऑफ टू बेड' म्हटले की शंका मिटते.

'अबाउट टू' हा या गटातला सर्वांत जास्त लागणारा प्रयोग. 'द ट्रेन इज अबाउट टू लीव्ह' म्हणजे गाडी सुटण्याच्या बेतात आहे. यात तात्काळपणा मुळातच आहे, म्हणून त्याला 'टुमॉरो' किंवा 'नेक्स्ट वीक' असे काळदर्शक शब्द जोडू नयेत. आणि 'आय ॲम नॉट अबाउट टू अपॉलजाइझ' याचा अर्थ 'मी इतक्यात माफी मागणार नाही' असा होत नाही. 'माफी मागण्याचा माझा मुळीच इरादा नाही' असा होतो. हा नकारार्थी प्रयोग विशेषतः अमेरिकी इंग्रजीत आढळतो.

'बी' आणि पार्टिकलपुढे प्रेपोझिशन आले की असेच साचे तयार होतात. 'वी आर इन फॉर अ स्टॉर्म' म्हणजे वादळ आपल्या वाट्याला येणार आहे. 'शी इज इन ऑन द सीक्रेट' म्हणजे तिला गुपित ठाऊक आहे. 'दे आर अप अगेन्स्ट अ स्ट्राँग टीम' म्हणजे त्यांची गाठ बलाढ्य संघाशी आहे. 'आय ॲम थ्रू विथ दॅट जॉब' म्हणजे त्या कामाशी माझा संबंध संपला. हे साचे पाठच करावे लागतात, कारण 'इन'नंतर 'फॉर' आला तर वाट्याला येणे आणि 'ऑन' आला तर सहभागी असणे, हे तर्काने काढता येत नाही. सॅम्युअल जॉन्सन यांनी 1755 मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या इंग्रजी शब्दकोशाच्या प्रस्तावनेत, क्रियापदाला असे लहान शब्द जोडून अर्थ बदलण्याची ही रीत परदेशी लोकांना सर्वाधिक अवघड जाते, असे नमूद केले होते. ते आजही खरे आहे.

एकट्या 'अप टू'चा विस्तार स्वतंत्रपणे पाहण्यासारखा आहे. 'अप टू फिफ्टी पीपल' यात तो मर्यादा सांगतो. 'व्हॉट आर यू अप टू' यात तो चाललेल्या, बहुधा खोडसाळ, उद्योगाकडे बोट दाखवतो. 'ही इज नॉट अप टू द जॉब' म्हणजे ते काम त्याच्या आवाक्यातले नाही, आणि 'आय डोंट फील अप टू गोइंग आउट' म्हणजे बाहेर पडण्याइतके मला बरे वाटत नाही. येथे 'गोइंग' आहे हे पाहावे, कारण 'टू' प्रेपोझिशन आहे. आणि 'इट इज अप टू यू टू डिसाइड' यात ठरवण्याची जबाबदारी तुमच्यावर सोपवलेली आहे. या शेवटच्या वाक्यात दोन्ही 'टू' एका सर्वनामाच्या दोन बाजूंना उभे आहेत: पहिला 'यू'ला जोडणारा प्रेपोझिशन, दुसरा 'डिसाइड'चा इन्फिनिटिव्ह. विद्यार्थ्यांना दोन 'टू' शिकवायचे असतील तर याहून नेटके वाक्य मला माहीत नाही.

क्रम

सुरुवातीच्या वाक्यातला क्रम आता उलगडता येतो. क्रियापदानंतर आधी 'बॅक', म्हणजे पूर्वीच्या जागी परतणे. मग 'अप', म्हणजे दिशा. मग 'टू हर रूम', म्हणजे मुक्काम. आणि शेवटी 'टू फेच द बुक', म्हणजे हेतू. दोन पार्टिकल एकत्र आले तर 'बॅक' आधी येतो: 'कम बॅक इन', 'गो बॅक डाउन', 'क्लाइंब बॅक आउट'. बोलावताना वापरला जाणारा 'ऑन'ही असाच आधी येतो: 'कम ऑन इन', 'कम ऑन ओव्हर'. 'सरळ' किंवा 'थेट' या अर्थाचा 'स्ट्रेट' किंवा 'राइट' घालायचा असेल तर तो पहिल्या पार्टिकलच्याही आधी: 'शी वेंट स्ट्रेट बॅक अप टू हर रूम'. मराठीत हेतू सहसा आधी आणि क्रियापद शेवटी येते, आणि 'परत', 'वर', 'खोलीत' यांची अदलाबदल चालून जाते. इंग्रजीत ही मोकळीक नाही. क्रियापदापासून हेतूपर्यंतचा हा प्रवास ठरलेल्या वाटेनेच होतो.

वाक्यात कर्म असेल तर ते कुठे ठेवायचे हा पुढचा प्रश्न. 'टेक बॅक द बुक' आणि 'टेक द बुक बॅक' दोन्ही चालतात, परंतु पुढे 'टू द लायब्ररी' येणार असेल तर 'टेक द बुक बॅक टू द लायब्ररी' हीच रचना सहज वाटते, कारण पार्टिकल आणि मुक्काम सांगणारे प्रेपोझिशन यांना एकमेकांशेजारी राहायला आवडते. कर्म फार लांब असेल तर मात्र ते मध्ये कोंबू नये; लांब कर्म पार्टिकलनंतर ठेवले की वाक्य वाचता येते.

इन्फिनिटिव्हच्या आत पार्टिकल असेल, जसे 'टू गिव्ह अप' किंवा 'टू गो बॅक इन', तर ते नेहमी क्रियापदानंतरच येते; इतर काही क्रियाविशेषणे 'टू' आणि क्रियापद यांच्या मध्ये शिरू शकतात, पार्टिकल शिरू शकत नाही. याच रचनेत पुढे प्रेपोझिशनही असेल आणि त्याचे नाम आधीच येऊन गेलेले असेल, तर ते प्रेपोझिशन वाक्याच्या शेवटी एकटे उभे राहते. 'समवन टू लुक अप टू' म्हणजे आदर्श मानावा असा कोणी. 'नथिंग टू लुक फॉरवर्ड टू' म्हणजे ज्याची वाट पाहावी असे काही नसणे. 'अ लॉट टू कॅच अप ऑन' म्हणजे मागे पडलेले पुष्कळसे भरून काढायचे असणे. शेवटी प्रेपोझिशन येऊ देऊ नये असे ज्यांना शाळेत शिकवले गेले आहे ते येथे अडखळतात आणि तो शेवटचा 'टू' किंवा 'ऑन' गाळून टाकतात. तसे करू नये. 'समवन टू लुक अप' याचा अर्थ 'आदर्श मानावा असा' न राहता 'ज्याचा शोध घ्यावा किंवा ज्याला जाऊन भेटावे असा' होऊन बसतो. शेवटी एकटा उरलेला हा 'टू' हलका उच्चारायचा नसतो. तेथे त्याचा पूर्ण दीर्घ उच्चार होतो. पॅसिव्हमध्येही, म्हणजे कर्मणी रचनेतही, हे शब्द क्रियापदाला सोडत नाहीत: 'शी इज लुक्ड अप टू बाय एव्हरीवन', 'सच नॉइझ कॅननॉट बी पुट अप विथ'.

कधी इन्फिनिटिव्ह गळून जातो आणि पार्टिकल एकटेच त्याचे काम करते. 'लेट मी इन', 'आस्क हर इन', 'हेल्प हिम अप', 'लेट देम थ्रू' या वाक्यांत 'येऊ दे', 'यायला सांग', 'उठायला मदत कर', 'जाऊ दे' यांतली दुसरी क्रिया शब्दांत आलेलीच नाही. मराठीत 'तिला आत बोलव' असे आपण म्हणतो तेव्हा हेच घडते. आज्ञा किंवा घोषणा देताना तर मुख्य क्रियापदही जाते आणि पार्टिकल व 'विथ' एवढेच उरतात: 'डाउन विथ द टायरंट', 'आउट विथ इट'. 'आउट विथ इट' म्हणजे मनात आहे ते बोलून टाक.

तोडून की जोडून

लेखनात शेवटी उरतो तो 'इनटू' आणि 'इन टू' यांचा प्रश्न. वर सांगितलेली व्यवस्था पक्की असेल तर तो आपोआप सुटतो. 'इन' पार्टिकल म्हणून क्रियापदाचा असेल आणि 'टू' पुढच्याचा असेल, तर दोन शब्द तोडूनच लिहायचे: 'शी वेंट इन टू सी द डॉक्टर', कारण येथे 'टू' हा 'सी'चा इन्फिनिटिव्ह आहे, 'ही हँडेड द पेपर इन टू द टीचर', कारण 'हँड इन' हे क्रियापद आहे आणि 'टू' शिक्षकांकडे नेणारा आहे. 'शी वेंट इनटू द रूम' मध्ये मात्र आत जाणे आणि खोली यांना जोडणारे एकच प्रेपोझिशन आहे, म्हणून एक शब्द. 'ही टर्न्ड हिमसेल्फ इन टू द पोलीस' म्हणजे तो पोलिसांना शरण गेला. तेथे 'इनटू' जोडून लिहिले तर तो स्वतःच पोलीस बनला असा अर्थ होईल.

'ऑनटू'चा नियमही तोच. 'शी ड्रोव्ह ऑन टू द नेक्स्ट टाउन' म्हणजे ती पुढे पुढच्या गावापर्यंत गाडी चालवत गेली, म्हणून तोडून; 'द कार ड्रोव्ह ऑनटू द पेव्हमेंट' म्हणजे गाडी पदपथावर चढली, म्हणून जोडून. ब्रिटिश लेखक या दुसऱ्या अर्थानेही 'ऑन टू' तोडून लिहिताना आढळतात, त्यामुळे वाचताना त्यावर फार अडू नये. लिहिताना शंका आली तर 'टू'च्या आधी किंचित थांबून वाक्य मोठ्याने वाचावे. तेथे थांबता येत असेल तर शब्द तोडावेत. इन्फिनिटिव्हआधी मात्र 'इनटू' किंवा 'ऑनटू' कधीही जोडून येत नाहीत.

नवी जोडी वहीत उतरवताना ती नुसती 'गेट राउंड' किंवा 'सेट आउट' अशी लिहू नये, तिच्यापुढे काय येते तेही सोबत लिहावे. विद्यार्थ्यांसाठीचे इंग्रजी शब्दकोश हे काम करून ठेवतात: जोडीपुढे 'समथिंग' किंवा 'डुइंग समथिंग' छापलेले असेल तर तेथला 'टू' प्रेपोझिशन आहे, आणि 'टू डू समथिंग' छापलेले असेल तर इन्फिनिटिव्ह. दोन्ही छापलेले असेल तर अर्थही दोन असण्याचा संभव मोठा, आणि मग प्रत्येकासाठी स्वतःच्या कामातले एकेक वाक्य वेगळे लिहून ठेवावे, जसे 'गो ऑन'च्या बाबतीत वर केले आहे.